सरळमावशीची शेजारीण

"आई, तुझा पगार जातो तरी कुठे, ते आज मला कळलंच पाहिजे!"

लेकाने चहाचा कप टेबलावर असा काही आपटला की तीन वर्षांची नात दचकून आजीच्या मांडीत शिरली, आणि ओट्याशी पाठ करून भांडी विसळत असलेल्या सुनेने नळ बंद केला... म्हणजे तिलाही उत्तर ऐकायचंच होतं! रविवारची सकाळ, घरात दोनच खोल्या, त्यामुळे उठून जायचं म्हटलं तरी जाणार कुठे?

"जातो रे... खर्च असतात माणसाला."

"कसले खर्च? तुझ्या अंगावर नवा कपडा मी कधी पाहिला नाही. बालवाडीच्या फीला हातभार लाव म्हटलं, तर म्हणे चार महिने थांब! चार महिन्यांनी काय आभाळातून पडणार आहे? मामाच्याच घशात घालतेस ना सगळं? आज शिलाई मशीन, उद्या झेरॉक्सचं दुकान, परवा दोन्हींना टाळं! घाल, घाल! मी शिष्यवृत्तीवर शिकलो, मला कुणाचा पैसा लागला नाही. पण माझ्या लेकीसाठी सख्ख्या आजीने हात आखडता घ्यावा..."

पुढचं तो बोलला नाही, पण जे बोलला तेच काळजात खोल रुतलं. शिष्यवृत्ती! त्या शब्दाबरोबर सरळमावशीच्या ओठांवर बारा वर्षांचं सत्य थरथरत आलं आणि तिने ते मुकाट्याने गिळलं. नातीच्या केसांतून हात फिरवत ती इतकंच म्हणाली, "मामाला दोष देऊ नकोस." आणि ते म्हटल्यामुळे तर लेकाची खात्रीच पटली. नळ पुन्हा सुरू झाला.

तुम्हाला वाटेल, बाई मनातून कोलमडली असेल. छे! वाईट वाटलं, डोळे भरून आले, सगळं खरं. पण आत कुठेतरी एक गोड उकळी फुटत होती. चारच चौकोन राहिले होते! आणखी फक्त चार शिक्के! मग ती ताठ मानेने या दोघांसमोर बसणार होती आणि सगळं सांगणार होती... तोवर ऐकून घ्यायचं. बारा वर्षं ऐकलं, मग चार महिन्यांचं काय मोठं!

तिला सरळमावशी हे नाव पडलं ते रुग्णालयाच्या धुलाईघरात. इस्त्रीच्या गरम रुळातून निघालेली चादर दोघींनी चार टोकांना धरायची, झटका द्यायचा, एकमेकींकडे चालत यायचं आणि कडेला कड जुळवायची. तिची कड कधी तसूभर हलली नाही. समोरचं टोक धरायला टिकटिक असायची. घड्याळ बंद पडेल पण हिचं तोंड नाही, म्हणून टिकटिक. अठ्ठेचाळीस चादरींची एक थप्पी व्हायची. थप्पी भरली की दोरी बांधायची, ढकलगाडीवर टाकायची, वॉर्डाला रवाना! बांधलेली थप्पी पुन्हा मोजायची नसते, हा तिथला शिरस्ता.

नवरा फार लवकर गेला. लेक परीक्षेत पहिला आला तेव्हा कॉलेजच्या फीचा आकडा ऐकून एवढंसं तोंड करून म्हणाला होता, "जाऊ दे आई, मी गोदामात कामाला लागतो." त्या पोराचा तो पडलेला चेहरा... तो तिला दोन दिवस सहन झाला, तिसऱ्या दिवशी झाला नाही. चपलांच्या दुकानावरच्या माडीवर एक कर्ज देणारं ऑफिस होतं. तिथल्या साहेबांनी तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, घराचे कागद ठेवून घेतले आणि मऊ आवाजात सांगितलं, "दोन लाख. महिन्याला चार हजार. मुदत बारा वर्षं." घरी येऊन ती म्हणाली, "अरे, तुला शिष्यवृत्ती मिळाली! आमच्या कामगार निधीतून!" पोराने तिला उचलून गरागरा फिरवलं होतं. एवढं खोटं ती आयुष्यात पुन्हा कधी बोलली नाही.

साहेबांनी एक पिवळं पुस्तक दिलं. त्यात अठ्ठेचाळीस चौकोन. महिन्याला चार हजार द्यायचे, साहेब एका चौकोनात शिक्का मारायचे, शेजारी हिने सही करायची. अठ्ठेचाळीस झाले की दुसरं पुस्तक, मग तिसरं, अशी बारा वर्षं. सरळमावशीला हे किती चटकन समजलं म्हणून सांगू! कर्ज म्हणजे तीन थप्प्या. दोन थप्प्या बांधून झाल्या होत्या, तिसरीतल्या चव्वेचाळीस चादरी घडी झाल्या होत्या. एकशेचाळीस शिक्के, एकही खाडा नाही. ताप अंगात असताना ती जिना चढली होती, पण तारीख चुकवली नव्हती. वाचता येत होतं तिला, चांगलं येत होतं. वर्तमानपत्रातला शब्द न् शब्द वाचायची. पण पुस्तकाचं शेवटचं पान तिने कधी उलटलं नाही, कारण शेवटचं पान शेवटी वाचायचं असतं, आणि भरलेलं पुस्तक, बांधलेल्या थप्पीसारखं, पुन्हा उघडायचं नसतं.

आता सुनेचं. सून एका पतसंस्थेत कर्ज विभागात होती, आकड्यांशी तिची लहानपणापासून गट्टी. रुग्णालयातल्या निम्म्याहून अधिक कामगारांचे पगार कर्जापोटी कापले जाऊ लागले, तेव्हा व्यवस्थापनाने शनिवारी दुपारी कॅन्टीनमध्ये पैशाचा वर्ग भरवायचं ठरवलं आणि शिकवायला बोलावलं ते नेमकं हिला! "मी नाही बाई येत, सुनेपुढे विद्यार्थी होऊन बसू?" असं म्हणत सरळमावशीने पहिला शनिवार टाळला. पण टिकटिकने आणलेली बातमी ऐकून तिचे कान टवकारले. "तुझी सून म्हणाली, पुढच्या वेळी आपल्या नाहीतर ओळखीतल्या कुणाच्या कर्जाचा कागद आणा. नाव झाका. बघू म्हणाली, कोण कसं फेडतंय ते."

कोण कसं फेडतंय! रविवारचा तो बंद झालेला नळ सरळमावशीला आठवला. आपल्याला उधळी समजणाऱ्या या शिकलेल्या पोरीच्या तोंडून एकदा, फक्त एकदाच, ऐकायला मिळावं की असं फेडावं कर्ज! नाव कळू नये, पण कौतुक कानावर पडावं... एवढा मोह तिला झाला, आणि का होऊ नये? तिने तिसऱ्या पुस्तकावरच्या नावावर चादरींना लावायची पांढरी चिठ्ठी चिकटवली, तीनही पुस्तकं पिशवीत घातली आणि दुसऱ्या शनिवारी टिकटिकच्या शेजारी पहिल्या बाकावर जाऊन बसली. सासूला बघून सून क्षणभर अडखळली, मग फळ्याकडे वळली.

वर्गात कर्जबाजारी माणूस औषधालाही नव्हता! लिफ्टमनने आणलेले चार मोबाइलचे हप्ते त्याच्या साडूचे होते. कॅन्टीनच्या स्वयंपाक्याकडे क्रेडिट कार्डाची बिलं होती, ती एका जुन्या मित्राची. तो मित्र दर महिन्याला बिलावरची सगळ्यात छोटी रक्कम भरायचा आणि बिल फिटलं म्हणून निर्धास्त झोपायचा. सुनेने ती रक्कम आणि उरलेली बाकी शेजारी शेजारी मांडली, तेव्हा स्वयंपाक्याला मित्राच्या काळजीने दरदरून घाम फुटला.

"आता माझ्या शेजारणीचं बघा," सरळमावशी उठली. आवाज किंचित चढला होता, गाल लाल झाले होते. "बारा वर्षांत एक महिना चुकली नाही बिचारी. चार शिक्के राहिलेत. मग सुटली!"

"वा! अशी माणसं हवीत," सून हसून म्हणाली, आणि त्या एका वाक्याने सरळमावशीचा जीव सुपाएवढा झाला.

सुनेने पुस्तक हातात घेतलं, पानं चाळली आणि, हाय रे दैवा, शेवटचं पान उलटलं. तिचं हसू हळूहळू मावळलं. तिने ते पान पुन्हा वाचलं. मग खडू उचलून फळ्यावर लिहिलं: दोन लाख.

"शेजारणीने कर्ज घेतलं दोन लाखांचं. व्याज महिन्याला शेकडा दोन. म्हणजे दोन लाखांवर महिन्याचं व्याज किती?"

"चार हजार!" लिफ्टमन ओरडला.

"आणि ती भरते किती?"

"चार हजार!"

"मग मुद्दलातून महिन्याला किती गेले?"

टिकटिकसुद्धा गप्प झाली, यावरून काय ते समजा.

"काहीच नाही," सून हलक्या आवाजात म्हणाली. "एकशेचाळीस महिने, पाच लाख साठ हजार भरले, आणि दोन लाख होते तिथेच उभे आहेत. इथे लिहिलंय, मुद्दल मुदत संपताना एकरकमी द्यायचं. चार महिन्यांनी ही माणसं दोन लाख मागणार. नाहीतर घर."

"अगं बाई! सांग गं तुझ्या शेजारणीला!" टिकटिकला कंठ फुटला. "बारा वर्षं काय झोपली होती का ती?"

सरळमावशीच्या पायाखालची जमीनच सरकली. पाच लाख साठ हजार! म्हणजे त्या रुळाच्या वाफेत भाजलेले हात, अंगावर न घातलेले कपडे, ऐकून घेतलेले बोल... सगळं कुठे गेलं? रचत आणलेल्या तीनही थप्प्या कुणीतरी उचलून भसाभस जमिनीवर फेकाव्यात तसं झालं. तिने बाकाची कड घट्ट धरली. आणि त्याच क्षणी सून पानावरच्या सह्यांकडे बघत होती. शिक्क्यांशेजारच्या त्या सह्या... खाली पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ... गेल्याच आठवड्यात नातीच्या बालवाडीच्या फॉर्मवर 'आजी' या रकान्यात अशीच सही झाली होती. सुनेचे डोळे वर आले. सासूचे तिच्यावरच खिळले होते. त्यात काय नव्हतं! लाज, भीती, आणि एक मुकी विनवणी... बोलू नकोस गं पोरी!

सुनेने पुस्तक मिटलं. मग ती वर्गाकडे वळली आणि तिचा आवाज असा काही खणखणीत लागला की मागच्या बाकावर डुलकी काढणारा पहारेकरीही जागा झाला.

"ती झोपली नव्हती. इतकी जागी बाई मी पाहिली नाही. मी रोज कर्जदार बघते, एकशेचाळीस महिने तारीख न चुकवणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. चूक तिची नाही. तिला कुणी आकडा मांडून दाखवला नाही, एवढंच. तिला सांगा, कागद घेऊन मला भेट म्हणावं. मार्ग निघतो."

वर्ग सुटला. टिकटिक बडबडत निघून गेली. रिकाम्या कॅन्टीनमध्ये दोघीच उरल्या.

"आई," सून हळूच म्हणाली, "सह्या झाकायच्या राहिल्या."

आणि मग बांध फुटला! बारा वर्षांत ज्या बाईने घरात कधी हुंदका काढला नव्हता, ती सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून लेकरासारखी रडली. सुनेनेही रडून घेतलं. "मी नळ बंद करून ऐकत उभी राहिले आई... मलाही वाटलं होतं मामांना देता. एक शब्द विचारला असता प्रेमाने... पैशाचा वर्ग घेते मी जगाचा, आणि माझ्याच घरात..."

"तुला कसं कळणार गं? मीच कळू दिलं नाही. पण त्याला सांगू नकोस. त्याची शिष्यवृत्ती..."

"कसली शिष्यवृत्ती?" सुनेने विचारलं, आणि उत्तर तोंडात यायच्या आत तिला सगळं उमगलं. तिने पहिलं पुस्तक उघडलं. पहिला शिक्का, नवऱ्याच्या कॉलेजप्रवेशाचा महिना! त्या तारखेवर तिने बोट ठेवलं. मग म्हणाली, "मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. लपवल्यानेच तर इतकं महाग पडलं आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टेबलावर तीन पिवळी पुस्तकं मांडली गेली. सरळमावशीने सांगायला सुरुवात केली आणि थांबली नाही. लेक ऐकता ऐकता तांबडालाल झाला. "मला का नाही सांगितलंस? मी गोदामात गेलो असतो, मरत नव्हतो!"

"म्हणून तर नाही सांगितलं."

"अगं, पाच ठिकाणी छाती फुगवून सांगत आलो मी! शिष्यवृत्ती, शिष्यवृत्ती... आणि तू वाफेत उभी राहून... गेल्या रविवारी तुला मी काय काय बोललो, आई!" त्याचा आवाज फाटला. तो खाली बसला आणि त्याने तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. ते खरखरीत, रुळाचे चटके खाल्लेले हात त्याने दोन्ही गालांशी धरले. बापाएवढा झालेला मुलगा, पण रडताना हनुवटी अजून तशीच थरथरत होती.

"छाती फुगवच तू," ती म्हणाली. "पहिला कोण आला होता? मी? फी भरून कुणी पहिलं येत नाही रे राजा." नातीने बाबाला रडताना कधी पाहिलं नव्हतं; तिने आपला बिस्किटाचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला, आणि सगळेच रडता रडता हसले.

खरी लढाई पुढेच झाली. मोठ्या घरासाठी दोघांनी साठवलेले पैसे मोडून दोन लाख उद्याच भरून टाकू, असं लेक म्हणाला, आणि सरळमावशी ताडकन उठली. "अजिबात नाही! कर्ज मी काढलंय. तुमच्या घराचे पैसे मी घेणार नाही. दयेवर कर्ज फेडायला मी काय..."

"आई, दया कसली?" लेक काकुळतीला आला.

"तू गप्प बस जरा," सून मध्ये पडली. नवऱ्यापेक्षा सासू तिला त्या घडीला जास्त कळली होती. "आई, पैसे उसने देतोय. दया नाही, वसुली होणार! महिन्याला चार हजार, एक तारखेला, माझ्या हातात. पन्नास महिने. एक दिवस उशीर खपवून घेणार नाही मी."

सरळमावशीने संशयाने बघितलं. "आणि व्याज?"

"तुम्ही बारा वर्षं भरलंय की. आता किती भरणार?"

सासूने ते पन्नास महिने बोटांवर मोजून पाहिले. मग हात पुढे करून म्हणाली, "लिहून दे."

सोमवारी तिघं मिळून माडीवर गेली. साहेब आता पिकले होते, आवाज तसाच मऊ. "मावशी, मध्येच थोडं थोडं मुद्दल फेडायची सोय होतीच की. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"साहेब," सरळमावशी म्हणाली, "एकशेचाळीस वेळा मी तुमच्यासमोर उभी राहिले. एकदा तरी आपणहून सांगायचं होतं!" साहेबांनी चष्मा पुसला, घराचे कागद परत दिले, पावती दिली. ती पावती सुनेने तीनदा वाचली; मग सरळमावशीनेही वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत.

त्याच संध्याकाळी लेक मामाकडे जाऊन पाया पडला. मामा थक्कच झाला. "म्हणजे बारा वर्षं मी फुकट शिव्या खाल्ल्या? एक छदाम न मिळता?" आणि मग तो इतका हसला की त्याच्या बंद पडलेल्या मशीनवरचा चिमणा दिवा हलला.

एक तारीख आली. धुलाईघरातून सुटल्यावर सरळमावशी वाटेत कुठे थांबली नाही. हातपाय धुऊन टेबलाशी बसली आणि चार हजार मोजून सुनेपुढे ठेवले. सुनेने ते उचलून मोजले, अगदी ऑफिसात मोजतात तसे, आणि मग एक साधी वही पुढे सरकवली. पहिल्या ओळीवर दोन लाख लिहिलेले होते.

"खाली तुम्ही लिहा."

"मी? अगं, मला नाही येत ते हातचे घेणं न् काय."

"येतं. बसा."

दोन लाखांतून चार हजार वजा करायचे, केवढीशी गोष्ट! पण पेन्सिल अडून अडून चालली. तिने खाडाखोड केली, ओठांत पुटपुटली, पुन्हा खोडलं. लेक मदतीला वाकला तर त्याला कोपराने ढकलून दिलं. अखेर आकडा उतरला. तिने तो उलटा ताडून पाहिला, चार हजार मिळवून, जसं सुनेने शिकवलं होतं तसं. बरोबर होता! ती त्या आकड्याकडे बघतच राहिली. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि चेहरा मात्र लहान मुलीसारखा उजळला होता.

"एक लाख शहाण्णव हजार," तिने मोठ्याने वाचलं. "अगं... कमी झालं! बारा वर्षांत पहिल्यांदा कमी झालं गं!"

तिने वही लेकापुढे धरली. "तू वाच."

त्याने वाचलं. तिने त्याला आणखी एकदा वाचायला लावलं.